दोष बॅटरीचा कीं वाटेचा?

घट, तार आणि दिवा यांचा धडा मीं शाळेंत तीस वर्षें शिकविला. पण तो मला नीट उमगला तो निवृत्तीनंतर, गेल्या उन्हाळ्यांत आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर. पुतण्याच्या मोटारघरांतून आम्ही तिघे कोंकणांत उतरलों होतों. मोटारघर म्हणजे चाकांवरचें बिऱ्हाड. त्यांत दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिन चालू करण्यास, दुसरी दिवे, पंखा व फ्रिज यांस. आमच्या मंडळींच्या इन्शुलिनच्या न उघडलेल्या कुप्या २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात; त्या ह्या फ्रिजमध्यें होत्या.

दुसऱ्या रात्रीं फ्रिज वारंवार बंद पडूं लागला. पहांटेसच कुप्या शेजारच्या घरीं नेऊन ठेवाव्या लागल्या. सकाळीं एका कारागिरानें निकाल दिला, "बॅटरी गेली, नवी घ्या." पुतण्या पैसे काढूं लागला. मी म्हटलें, "अरे, आधीं आरोपीची साक्ष तरी घेऊं."

बॅटरी १०० अँपिअर-तासांची. फ्रिज ५ अँपिअर घेई, तोहि निम्मा वेळ; म्हणजे दहा तासांचा खर्च २५. आदल्या दिवशीं पूर्ण भरलेली बॅटरी एवढ्यानें संपावी कशी? मीटर लावला. विसावलेली शिशाची बॅटरी भरलेली असतां सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते, निम्मी असतां १२.२. आमची १२.४ होती. हिशेब जुळला.

मग फ्रिज चालू करून पाहिलें. बॅटरीच्या अग्रांवर १२.२, फ्रिजपाशीं मात्र १०.६! दाब इतका उतरला कीं बॅटरीच्या रक्षणार्थ फ्रिज आपण होऊन थांबतो. बॅटरीवरच तो असा कोसळता, तर कारागीर खरा ठरता. पण येथें गळती वाटेंत होती. धन बाजू निर्दोष निघाली. ऋणाग्र आणि चासी यांमध्यें मीटर धरतांच १.५ व्होल्ट दिसले. तेथें दशांश व्होल्टहून फारसें अधिक दिसूं नये. ओहमनें १८२७ सालीं मांडलेल्या नियमानें १.५ भागिले ५, म्हणजे ०.३ ओहम रोध. खाऱ्या हवेनें चासीवरील बोल्टाखालीं चढलेला गंज, एवढाच तो रोध!

ऋण तार प्रथम सोडविली व शेवटीं जोडली; अंगठी आधींच काढून ठेवली. कारण धातु दोन्ही अग्रांस टेकल्यास हात भाजतो, आणि ठिणगीनें बॅटरींतून निघणारा हायड्रोजन भडकूं शकतो. जागा पॉलिश पेपरनें घासली, बोल्ट आवळला, वर व्हॅसलिन फांसलें. पुन्हां मोजतां ०.०५ व्होल्ट! सायंकाळीं कुप्या स्वस्थानीं परतल्या.

घरीं येतांना मनांत एकच विचार घोळत होता. वर्गांतल्या किती मुलांना "डोकें नाहीं" असा निकाल देऊन मी मोकळा झालों! दोष कदाचित् फळ्यापासून त्यांच्या बाकापर्यंतच्या वाटेंत असेल. मीं तेथें कधीं मोजून पाहिलें नाहीं.