भाड्याचं बोलणं



इंदुरात आमच्या आजोबांचा वाडा होता. वाटण्या झाल्या, वाडा विकला गेला आणि आम्ही भाडेकरू झालो. त्यात लाज नाही. पण भाड्याचं बोलायला आपण लाजतो, तिथेच नुकसान होतं.

गेल्या वर्षी 11 महिन्यांचा करार संपताना घरमालक काकांनी 9 हजारांचं भाडं एकदम 12 हजार सांगितलं. सरकारी नोकरीतला आमचा घरभाडे भत्ता काही तेवढा नाही. त्यात मुलीचं दहावीचं वर्ष. रात्री आम्हा दोघांना झोप नाही.

दुसऱ्या दिवशी गल्लीत चार घरी चौकशी केली. अशाच दोन खोल्यांचं भाडं 10 ते 11 हजार होतं. मग काकांकडे गेलो. "काका, एकदम 3 हजार का वाढवले?" एवढंच विचारलं. तेव्हा कळलं, काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं.

आम्ही 10 हजार कबूल केले, वर 3 महिन्यांचं भाडं आगाऊ. काकांनी गच्चीची गळती काढून द्यायचं आणि 2 वर्षं भाडं न वाढवायचं मान्य केलं. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेकरार 1908 च्या कायद्याप्रमाणे रजिस्टर करावा लागतो. तो केला, खर्च निम्मा-निम्मा.

तेव्हा मंडळी, नुसत्या आकड्यावर अडू नका. समोरच्याची अडचण विचारा, आपली सांगा आणि ठरेल ते लिहून घ्या. पावती मागणं म्हणजे अविश्वास नव्हे.

काकू आता हळूहळू जिना चढतात. यंदा आरतीला वर आल्या होत्या.

गणपती बाप्पा मोरया!