फिरवलेली पाटी

तिठ्यावर एक पाटी असते. तालुक्याला कोणता रस्ता जातो, हे ती सांगते. रात्रीतून कोणी ती फिरवून ठेवली, तर सकाळी येणारा परगावचा माणूस आपल्याच पायांनी, आपल्याच खुशीने भलत्या वाटेला लागतो. त्याच्यावर कोणी बळजबरी केलेली नसते; नुसती पाटी फिरवलेली असते. संगणकावर हाच उद्योग करणारा जो प्रोग्राम असतो, त्याला ‘ब्राउझर हायजॅकर’ असे नाव आहे. तो ओळखावा कसा आणि घालवावा कसा, याविषयी आज आपल्याशी चार शब्द बोलायचे आहेत.

ब्राउझर म्हणजे इंटरनेट पाहण्याची आपली खिडकी. क्रोम, एज, फायरफॉक्स ही त्याची परिचित नावे. एके सकाळी ती खिडकी उघडावी, तर नेहमीच्या पानाऐवजी कधी न पाहिलेले पान समोर यावे. शोधावे एक आणि जाहिरातींनी भरलेली भलतीच यादी यावी. आपण दुरुस्त करावे आणि उद्या पुन्हा तेच व्हावे. ही लक्षणे दिसली की समजावे, पाटी फिरली. फिरवणाऱ्याला यात काय मिळते? आपली प्रत्येक फेरी त्याच्या दारावरून जाते आणि जाहिरातदार त्याला तिचे पैसे मोजतो.

२०१७ साली चेक पॉइंट या संगणक-सुरक्षेचे काम करणाऱ्या कंपनीने ‘फायरबॉल’ नावाचे असे एक प्रकरण उजेडात आणले. जगभर २५ कोटी आणि त्यांपैकी भारतात अडीच कोटींच्या वर संगणकांना त्याची लागण झाली असावी, असा तिचा अंदाज होता. हा आकडा फुगवलेला आहे, असे मायक्रोसॉफ्टचे म्हणणे पडले. तो वाद बाजूला ठेवू. तो प्रोग्राम शिरला कसा, हे आपल्या कामाचे आहे. कुलूप तोडून नव्हे, तर फुकट मिळणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामच्या पाठीवर बसून.

दुसऱ्याचे कशाला सांगू? माझ्याच घरी हे घडले. दोन कागद एकत्र जोडायचे होते, म्हणून मी कुठूनसा एक फुकटचा प्रोग्राम उतरवला आणि न वाचता ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करीत गेलो. मधल्या एका चौकटीत बरोबरची खूण आधीच करून ठेवलेली होती. दुसऱ्या दिवशी पान बदललेले दिसले. खटकले, पण “काम चालतंय ना, मग राहू दे,” असे म्हणून मी आठ दिवस काढले.

नोव्हेंबर महिना होता. शेजारचे एक निवृत्त गुरुजी हयातीच्या दाखल्याच्या कामासाठी आले. त्यांना बँकेचा फोन नंबर हवा होता. माझ्या संगणकावर त्यांनी तो शोधला आणि यादीत सर्वांत वर दिसला तो लावला. मी आत चहाचे सांगून बाहेर येतो तो काय, गुरुजी मोबाईलवर आलेले अंक, वर्गात पाढे सांगावेत तसे, एकेक करून पलीकडच्याला सांगत होते! चौथ्या अंकाला मी फोन त्यांच्या हातून घेतला. पेन्शन वाचली. पण गुरुजी एवढेच म्हणाले, “अरे, तुझ्या घरचा संगणक, म्हणून मी विश्वास ठेवला.” ते वाक्य मला अजून टोचते.

आता उपाय ऐका. विंडोजच्या संगणकासाठी सांगतो. यात क्रमाला महत्त्व आहे. पाटी सरळ केली आणि फिरवणाऱ्याला गावातच ठेवले, तर रात्री तो ती पुन्हा फिरवणारच.

म्हणून पहिले काम, मूळ प्रोग्राम काढणे. सेटिंग्जमध्ये बसवलेल्या प्रोग्रामांची यादी असते. ती तारखेप्रमाणे लावून घ्या. ज्या दिवशी त्रास सुरू झाला, त्या सुमारास आलेला अनोळखी प्रोग्राम ‘अनइन्स्टॉल’ करा. दुसरे, ब्राउझरमधील ‘एक्स्टेन्शन्स’ पाहा. आपण मुद्दाम न घेतलेले काढून टाका. तिसरे, सेटिंग्जमध्ये मुखपृष्ठ आणि ‘सर्च इंजिन’ पूर्ववत करा. तेवढ्याने भागले नाही, तर ‘रीसेट’ करा. क्रोममध्ये रीसेट केल्याने जपून ठेवलेल्या खुणा आणि पासवर्ड पुसले जात नाहीत, तेव्हा भिऊ नका. चौथे, ब्राउझरच्या चित्रावर उजवी टिचकी मारून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. ‘टार्गेट’च्या ओळीत शेवटी एखाद्या अनोळखी संकेतस्थळाचा पत्ता चिकटवलेला असेल, तर तेवढाच खोडा. पाचवे, विंडोजबरोबर येणाऱ्या डिफेंडरकडून पुरी तपासणी करून घ्या. मग संगणक बंद करून पुन्हा सुरू करा. सारे ठीक दिसले की बँकेचा आणि ईमेलचा पासवर्ड बदला. एवढे करूनही पान परत आलेच, तर जाणत्या माणसाला दाखवा.

एक मात्र सांभाळा. “तुमचा संगणक बिघडला आहे, या नंबरवर फोन करा,” अशी पाटी पडद्यावर झळकली, तर फोन करू नका. ती दुसऱ्या चोराची पाटी असते. बँकेचा नंबर पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्यावा. आणि दुर्दैवाने पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितकी पैसे अडवण्याची आशा कमी.

शिक्षक बंधुभगिनींनो, शाळेतला संगणक हा गावच्या पाणवठ्यासारखा आहे. मुले, पालक, शिष्यवृत्तीचे अर्ज भरणारे, सगळे तेथेच येतात. पाण्याला वास येऊ लागला, तर “उद्या बघू” असे आपण म्हणतो का? मग पडद्यावरचे पान बदललेले दिसले, तरी म्हणू नये. पाटी दुसऱ्याने फिरवली हे खरे. पण ती फिरलेली पाहून जो पुढे जातो, त्याच्याही पदरी थोडा दोष येतो. माझ्या पदरी तो आला. आपल्या पदरी येऊ नये, म्हणून हे बोललो.