कढण आणि कच्चा रस

दुखण्यातून उठलेल्या माणसास मुगाचे कढण किंवा मटणाचे बिनतिखट पाणी देण्याची जी वहिवाट आपल्या घरांतून चालत आली आहे, तिच्या जागी गाजर-टोमॅटोचा कच्चा रस द्यावा काय, असा प्रश्न आता वारंवार विचारला जातो. आधी मटणाच्या पाण्याचे पाहू. त्याच जातीचे, हाडे उकळून काढलेल्या जिलेटिनाचे पाणी एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या रुग्णालयांतून पौष्टिक अन्न म्हणून दिले जात असे. परंतु माझांदी या शरीरशास्त्रज्ञाच्या समितीने १८४१ साली सादर केलेल्या अहवालात, केवळ जिलेटिनावर प्राण्यांचे पोषण होत नाही, असा निष्कर्ष निघाला. ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल जिलेटिनात मुळीच नसते, हे त्यामागील एक कारण पुढे उमगले. हाडांतील कॅल्शियमही पाण्यात अल्पच उतरते. तथापि ऊन पाणी व मीठ क्षीण देहास मिळते, हा लाभ मी क्षुल्लक मानीत नाही.

कच्च्या रसात, उष्णतेने नष्ट होणारे क जीवनसत्त्व शाबूत राहते, पोटॅशियमही भरपूर मिळते. मात्र चोथ्याबरोबर तंतू जातात, प्रथिने नाममात्र असतात, आणि गाजरातील कॅरोटीन स्निग्धांशावाचून नीट शोषले जात नाही. पोटॅशियममुळे मूत्रपिंडाच्या रुग्णाने तर वैद्यकीय सल्ल्याखेरीज असा रस घेऊच नये. माझा कौल मुगाच्या कढणास आहे, कारण डाळ त्यात घोटून राहिली तर प्रथिनेही पोटात जातात. क जीवनसत्त्वासाठी कढण उतरवल्यावर वरून लिंबू पिळावे.