सल्लागाराच्या माथी पक्षकाराचा कर



चैत्र यात्रेला या डोंगरावर लाखो भाविक सासनकाठ्यांसह येतात. गुलाल, खोबरे, दवणा विकणाऱ्याचे वर्षाचे गणित त्या मोजक्या दिवसांवर उभे असते. यांपैकी ज्याची उलाढाल मर्यादेपलीकडे जाते, तो वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र सहसा कर सल्लागाराकडून भरून घेतो. हा सल्लागारच नोटिशीच्या धाकाखाली असेल, तर पक्षकाराला कायदा निर्भयपणे कोण सांगणार?

मुंबईतील एका प्रकरणाने या धाकाचे स्वरूप उघड केले. एका परदेशी जहाज कंपनीच्या भारतीय शाखेतील कर-व्यवस्थापकास, म्हणजे केवळ पगारी नोकरास, तब्बल ३,७३१ कोटी रुपयांचा दंड का आकारू नये, अशी नोटीस आली! आरोप होते कंपनीच्या कर-आकारणीविषयी. मुंबई उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२४ रोजी ती नोटीस रद्द केली आणि अशी मागणी विवेकशून्य व प्रमाणाबाहेरची असल्याचे सुनावले. कोट्यवधींचा आकडा टाइप करायला अधिकाऱ्यास काहीच लागत नाही. तो खोडून घेण्यास नोकरदाराला उच्च न्यायालय गाठावे लागते.

खोट्या बिलांच्या धंद्यात काही सल्लागार स्वतः गुंतलेले असतात, हेही नाकारता येत नाही. अशांवर कारवाई व्हावीच. २०२१ पासून गुन्हा ‘करविणारा’ आणि त्याचा लाभ राखणारा, दोघांच्या अटी एकत्र पूर्ण करणारा इसमही कायद्याच्या कक्षेत आला आहे. परंतु ठरलेले शुल्क म्हणजे करचोरीचा लाभ नव्हे, हा भेद तपासाच्या घाईत पुसला जातो.

सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०२५ रोजी अटकेचा अधिकार वैध ठरविला. तथापि अटकेची धमकी देऊन कर वसूल करणे त्याने अमान्य केले आणि अटकपूर्व जामिनाचा मार्ग मोकळा ठेवला. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला वकिलांना पक्षकाराची माहिती काढण्यासाठी सरसकट समन्स बजावता येणार नाही, असाही निर्णय झाला. ते संरक्षण वकिलांचे. सनदी लेखापाल व कर व्यावसायिक त्याच्या बाहेरच आहेत. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये लेखापालांना ते नाकारले. अमेरिकेने मात्र १९९८ मध्ये कायदा करून, फौजदारी प्रकरणे वगळता, कर सल्लागारांना ते दिले. आपल्या संसदेला तेवढे करणे अवघड नाही.

तूर्त दिलासा एवढाच, की १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसते. रिट अर्जासाठी येथून मुंबईची वाट धरावी लागत नाही.