व्यंगरेषेचे गुरुकुल



व्यंगचित्रकाराची थोरवी सामान्यतः त्याने वाचकांना किती हसविले, यावरून ठरविली जाते. केशव शंकर पिल्लई अर्थात 'शंकर' यांच्या कार्याचा विचार करताना मात्र त्यांनी किती जणांना रेखाटनाच्या वाटेवर आणले, हेही पाहावे लागते.

शंकर यांचा जन्म १९०२ मध्ये केरळातील कायमकुळम येथे झाला. पदवी संपादन केल्यावर कायद्याच्या अभ्यासासाठी ते मुंबईस आले. कायदा मागे पडला. जहाज कंपनीतील नोकरी सांभाळून ते 'बॉम्बे क्रॉनिकल' व 'फ्री प्रेस जर्नल' या वृत्तपत्रांना व्यंगचित्रे देऊ लागले. १९३२ मध्ये दिल्लीच्या 'हिंदुस्थान टाइम्स'ने त्यांना आपल्याकडे घेतले.

१९४८ मध्ये त्यांनी 'शंकर्स वीकली' हे साप्ताहिक काढले. त्याचे प्रकाशन पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी केले आणि आपलीही गय करू नये, असे शंकर यांना सांगितले. अर्कचित्रात नाक लांबविणे सोपे. परंतु अतिशयोक्ती करूनही माणूस ओळखू यावा आणि टीका असूनही आकस नसावा, ही समज नित्य सरावानेच येते. या साप्ताहिकाने तरुणांना तो सराव दिला. अबू अब्राहम, रंगा, ओ. व्ही. विजयन यांच्या रेषा तेथे फुलल्या. कुट्टी यांनी तर त्याआधीच शंकर यांच्या हाताखाली धडे घेतले होते. विशेष हे की, यांपैकी कोणीही गुरूची नक्कल ठरला नाही.

मोठ्यांना घडविणाऱ्या शंकर यांनी बालकांनाही कुंचला दिला. १९४९ मध्ये त्यांनी मुलांची चित्रस्पर्धा सुरू केली. पुढे ती आंतरराष्ट्रीय झाली. मुलांना सचित्र पुस्तके माफक किमतीत मिळावीत, म्हणून १९५७ मध्ये त्यांनी 'चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट' स्थापन केला. दिल्लीतील बाहुल्यांचे संग्रहालय १९६५ मध्ये उभे राहिले, तेही त्यांच्याच प्रयत्नाने.

१९७५ मध्ये आणीबाणीच्या काळात 'शंकर्स वीकली' बंद झाले. गुरुकुलाचे दार मिटले, तरी विद्या उरली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अबूंचे एक चित्र 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये झळकले : राष्ट्रपती स्नानाच्या टबातूनच अध्यादेशावर सही करीत आहेत. त्या काळावरील भाष्य म्हणून ते चित्र आजही स्मरणात आहे.

१९७६ मध्ये शंकर यांना पद्मविभूषण हा सन्मान लाभला. २६ डिसेंबर १९८९ रोजी त्यांचे निधन झाले. शाळेतील चित्रकलेचा तास दुय्यम मानणाऱ्यांनी त्यांचे हे कार्य ध्यानी घ्यावे. निर्भयपणे पाहावे आणि पाहिलेले हसतमुखाने सांगावे, हे शिक्षण त्या तासालाही देता येते.