आडवे शब्द, उभे शब्द
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेलं भाषण)



पंचवीस वर्षांत आपण या सभागृहात पाणी, पार्किंग आणि गळती यांवर भरपूर बोललो. आज मला आमच्या रविवारच्या कोडेमंडळींबद्दल बोलायला सांगितलं आहे. विषय थकबाकीचा नाही, तेव्हा निर्धास्त ऐका.

शब्दकोडं आपल्याला नवं नाही. 'कमळ' दिलं की आपण 'पंकज' लिहितो. आम्ही सोडवतो ते गूढ कोडं, म्हणजे क्रिप्टिक क्रॉसवर्ड. त्यात वाक्य वाचून जे चित्र डोळ्यांपुढे येतं, ते बहुधा फसवं असतं. उदाहरणार्थ, आमच्याच मंडळींनी रचलेलं हे शोधसूत्र: 'गुरुजींची गाडी राज्य चालवते', अक्षरं चार. वाचताक्षणी मास्तर स्टिअरिंगवर बसलेले दिसतात. पण गुरुजी म्हणजे सर, गाडी म्हणजे कार. जोडा, झालं 'सरकार'! दुसरं: 'सदनिका सवलतीत लपलेला संथ प्राणी', अक्षरं तीन. एक काकू म्हणाल्या, "आपली लिफ्ट असणार." उत्तर मात्र त्या दोन शब्दांच्या सांध्यातच आहे: सदनि-'कासव'-लतीत.

जगातलं पहिलं शब्दकोडं आर्थर विन यांनी रचलं. 21 डिसेंबर 1913 रोजी ते 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये छापून आलं. ते सरळ होतं. त्याला वाकडं वळण दिलं इंग्रजांनी. 1926 पासून 'ऑब्झर्व्हर'मध्ये कोडी रचणाऱ्या गृहस्थांनी तर टोपणनावच घेतलं 'टॉर्केमाडा', म्हणजे स्पेनमधल्या धर्मन्यायालयाचा क्रूर प्रमुख! सोडवणाऱ्यांचे हाल करायचे हे त्यांनी आधीच जाहीर केलं होतं म्हणा ना.

इंग्रजी कोड्यात आपली दमछाक जास्त होते. 'फ्लॉवर' दिसलं की आपण फुलं शोधत बसतो. पण जी 'फ्लो' होते, वाहते, ती नदीही तिथे फ्लॉवरच! उत्तर निघतं 'टेम्स'. 'लव्ह' म्हणजे टेनिसमधलं शून्य, म्हणून 'ओ' हे अक्षर. हे कळायला आम्हाला कितीतरी रविवार लागले. पण खेळ बेइमानीचा नाही. सूत्राच्या एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ द्यावाच लागतो, उरलेल्या भागात शब्दांची कसरत. रचणारा दिशाभूल करतो, खोटं बोलत नाही. आणि त्याला मनातून वाटत असतं की आपण जिंकावं. असा प्रतिस्पर्धी दुसऱ्या कुठल्या खेळात मिळतो?

लोक विचारतात, मोबाईलवर उत्तर शोधलं तर? मिळेल की. पण मग तो क्षण हातचा जातो. दोन दिवस डोक्यात घोळणारं वाक्य भाजी निवडताना अचानक कूस बदलतं आणि "अरेच्चा!" म्हणून आपण एकटेच हसतो, तो क्षण. आणि दुसरं म्हणजे, माणूस हातचा जातो. एकच वाक्य मला एका बाजूने दिसतं, शेजारच्या काकूंना दुसऱ्या. पूर्वी विरजण मागायला दार वाजायचं. आता विरजण सगळ्यांकडे आहे, दार वाजतं ते शब्दासाठी.

आपल्यातले एक सभासद पत्नी गेल्यावर वर्षभर घराबाहेर फारसे पडत नव्हते. नाव सांगत नाही, ते समोर बसले आहेत. "कसे आहात?" विचारलं की "ठीक" म्हणून दार लोटून घ्यायचे. शेवटी वॉचमनच्या हाती चिठ्ठी पाठवली: 'फणसातला उलटला की संताप', अक्षरं दोन. अर्ध्या तासात स्वतः खाली आले. म्हणाले, "गरा उलटा केला की राग. फारच सोपं होतं, पुढचं द्या." त्या दिवसापासून आमची अवघड कोडी तेच रचतात.

काही गोष्टी सरळ विचारता येत नाहीत, सरळ सांगताही येत नाहीत. 'गार्डियन'ची कोडी अनेक दशकं रचणारे जॉन ग्रॅहम हे पेशाने धर्मगुरू, टोपणनाव 'अराउकेरिया'. जानेवारी 2013 मध्ये, वयाच्या 91 व्या वर्षी, आपल्याला कर्करोग झाल्याची बातमी त्यांनी वाचकांना कोड्यातूनच दिली. चौकट भरता भरता लोकांना ती कळली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले. आयुष्यभर ज्यांच्याशी आडवळणाने बोलले, त्यांना ही बातमीही त्यांनी आपल्या नेहमीच्याच भाषेत सांगितली. मला यात दुःखापेक्षा जवळीक जास्त दिसते.

तर रविवारी सकाळी साडेनऊला ऑफिससमोरच्या बाकावर या. इंग्रजी यायला हवं असं नाही, मराठी सूत्रं आम्ही रचतोच. पेन्सिल आणा, खोडरबर आमच्याकडे आहे.

जाताजाता एक सूत्र देतो: 'शंभर चालू, राहतो मात्र भिंतीपलीकडे', अक्षरं तीन. नाही सुचलं, तर डावीकडच्या किंवा उजवीकडच्या दाराची बेल वाजवा. उत्तरच दार उघडेल.