कानामागील यंत्र

साताऱ्याहून सांगलीकडे निघालेल्या एस्. टी.च्या गाडींतील एक प्रसंग डोळ्यांपुढें आणावा. खिडकीशीं दहा-बारा वर्षांचा मुलगा बसला आहे. त्याच्या कानामागें एक लहानसें यंत्र आहे, आणि त्यांतून निघालेली तार केसांत शिरून डोक्याला चिकटलेल्या रुपयाएवढ्या चकतीपर्यंत गेली आहे. शेजारच्या आजीबाई कऱ्हाड येईपर्यंत दम धरतात, मग विचारतात, "बाळा, गाणीं ऐकतोस होय रे?" मुलगा म्हणतो, "नाहीं आजी, ह्याच्यामुळं मला तुमचं बोलणं ऐकूं येतं." तें ऐकून आजीबाई त्याच्या आईकडे वळतात आणि त्याच्यादेखत हळहळतात, "एवढं गोजिरं लेकरूं, आणि देवानं असं केलं!" मुलानें हें वाक्यही स्पष्ट ऐकलें आहे. यंत्रानें आपलें काम चोख बजावलें, एवढें तरी म्हटलें पाहिजे.

या यंत्राला कॉक्लिअर इम्प्लांट म्हणतात. चष्म्याची ओळख सर्वांना आहे, श्रवणयंत्राचीही थोडीबहुत झाली आहे. या तिसऱ्या वस्तूची मात्र फार थोड्यांना. श्रवणयंत्र आवाज मोठा करून कानांत सोडतें. परंतु कानाच्या अगदीं आंत वाटाण्याएवढी, शंखाप्रमाणें अडीच वेढे घेतलेली जी नळी असते, तिच्यांतील सूक्ष्म केशपेशी नष्ट झाल्या असतील, तर आवाज कितीही मोठा केला तरी तो श्रवणतंतूपर्यंत पोंचत नाहीं. कॉक्लिअर इम्प्लांट त्या पेशींना वळसा घालून जातें. कानामागील भाग आवाज टिपतो व त्याचें पृथक्करण करितो. चकतीमधून तो संदेश शस्त्रक्रियेनें त्वचेखालीं बसविलेल्या भागाकडे जातो. आणि शंखांत सरकविलेल्या बारीक विद्युत्-अग्रांमुळें श्रवणतंतू जागा होतो. चकती आंतील लोहचुंबकाच्या ओढीनें डोक्याला धरून राहते. डोक्याला भोंक ठेवून त्यांतून तार आंत सोडलेली असते, हा पुष्कळांचा समज निव्वळ चुकीचा आहे.

या शोधाचा आरंभ १९५७ सालीं पॅरिस येथें जूर्नो व एरिएस या दोघांनीं केलेल्या प्रयोगापासून धरतात. ऑस्ट्रेलियांतील ग्रॅम क्लार्क यांची गोष्ट मात्र मुद्दाम सांगण्यासारखी आहे. त्यांचे वडील औषधविक्रेते होते व त्यांना ऐकूं कमी येत असे. शंखाच्या वेढ्यांत तार दुखापत न करितां शिरावी कशी, हें कोडें क्लार्क यांना सुटेना. १९७७ सालीं समुद्रकिनाऱ्यावर बसले असतां त्यांनीं एका शंखांत गवताचें पातें सारून पाहिलें. बुडाशीं ताठ व टोकाला लवचिक असलेलें तें पातें वेढ्यांतून सहज वळत आंत गेलें. पुढील वर्षीं मेलबोर्न येथें त्यांनीं पहिली शस्त्रक्रिया केली.

तरीपण निसर्गाची बरोबरी झाली असें समजूं नये. निरोगी कानांत मुख्य केशपेशी सुमारें साडेतीन हजार असतात. यंत्राचीं अग्रें साधारणतः बारा ते बावीस. त्यामुळें बोलणें समजतें, पण स्वरांतील बारीक भेद निसटतात. मिरजेंत अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ उत्सव भरतो आणि तेथील कारागिरांचे तंबोरे देशभर जातात. त्याच मिरजेंत हें यंत्र लावलेल्या माणसाला तबल्याचा ठेका नीट पोंचेल, तंबोऱ्याचा मात्र कदाचित् केवळ गुणगुणाट होईल. जो पूर्वीं ऐकत होता व मागाहून बहिरा झाला, त्याला ही उणीव विशेष जाणवते. जन्मतः बधिर असलेल्या मुलाला ती तशी जाणवत नाहीं; त्याची लढाई वेगळी, आणि ती काळाशीं असते.

भाषा ग्रहण करण्याची मेंदूची तयारी पहिल्या कांहीं वर्षांत सर्वांत अधिक असते. दोन वर्षांचें मूल हांकेला वळत नाहीं, बोलत नाहीं, आणि घरांतील वडीलधारीं म्हणतात, "त्याचा बापही चार वर्षांनींच बोलला!" या एका वाक्यानें किती मुलांचे बहुमोल महिने वाया गेले असतील! वास्तविक नवजात अर्भकाचा कानही न दुखवितां तपासतां येतो. केंद्र सरकारच्या एडिप योजनेंत २०१४ पासून जन्मतः बधिर असलेल्या पांच वर्षांच्या आंतील गरजू मुलांसाठीं या यंत्राची तरतूद झाली, आणि एका यंत्रामागें सहा लाख रुपयांपर्यंत साहाय्य ठरलें. त्या कामाचें केंद्र मुंबईची अली यावर जंग संस्था आहे. पैशाची अडचण अशा रीतीनें कांहीं अंशीं सुटते. आजोबांच्या समजुतीवर योजना निघालेली नाहीं.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशीं मूल बोलूं लागेल अशी अपेक्षाही अशीच. जखम भरल्यावर, कांहीं आठवड्यांनीं, यंत्र प्रथम चालू करितात. त्या क्षणीं पुष्कळ मुलें हंसत नाहींत, रडतात. मग यंत्र पुनःपुन्हां जुळवून घ्यावयाचें, आणि ऐकण्याचा व बोलण्याचा अभ्यास वर्षानुवर्षें चालवावयाचा. साताऱ्या-सांगलीकडील कित्येक आयांनीं त्यासाठीं पुण्या-मुंबईच्या फेऱ्या घातल्या आहेत. शेजारीण विचारते, "एवढं ऑपरेशन झालं, मग अजून कां बोलत नाहीं?" त्यावर काय उत्तर द्यावें?

मुलगा मोठा होतो, तसे नवे पेंच येतात. खाशाबा जाधवांनीं १९५२ सालीं हेलसिंकीहून कांस्यपदक आणलें तें कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचें नांव घेऊन. या मुलखांतील पोराला तालमीची ओढ लागावी हें स्वाभाविकच. पण डोक्यावर बसणाऱ्या आघातानें त्वचेखालील भागास इजा होण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टर कुस्तीला नको म्हणतात. बाहेरचा भाग काढून ठेवतां येतो, आंतला येत नाहीं. मित्र लाल मातींत उतरतात व हा कांठावर बसतो, तेव्हां त्याचा राग त्याच्या आईवर निघतो. मुलींच्या बाबतींत पेंच निराळा. केस मोकळे सोडून यंत्र झांकावें, अशी सूचना स्थळें पाहूं लागतांच घरचींच माणसें करितात. या लपवालपवींत कोणाचेंही हित नाहीं; शिवाय लग्नानंतर पहिल्या रात्रीं यंत्र काढून ठेवावेंच लागतें.

मंगल कार्यालयांत सनई, भांडीं, शंभर माणसांचा कलकलाट, या सगळ्यांचा एकच गोळा होऊन यंत्रांतून आंत शिरतो. अशा वेळीं कानाशीं ओरडण्यानें काम बिघडतें. समोर येऊन, तोंडावर उजेड असेल असें उभें राहून, नेहमींच्या आवाजांत बोललें कीं पुरे. एखादा विनोद होतो, सगळे हंसतात, तो विचारतो, "काय झालं?" आणि उत्तर मिळतें, "जाऊं दे रे, कांहीं नाहीं." हें यंत्र वापरणाऱ्यांना सर्वांत बोंचणारें वाक्य हेंच.

झोपतांना यंत्र काढलें कीं पूर्ण निःशब्दता असते. ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णेचें पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं ५७ फुटांवर चढलें. जुलै २०२१ मध्यें पुन्हां पूर आला. पुराच्या रात्रीं कर्ण्यावरून दिलेला इशारा अशा माणसाच्या उशापर्यंत पोंचतच नाहीं. वीज गेली तर यंत्राचे विद्युत्-घट भरतां येत नाहींत, आणि अंधारांत ओठही दिसत नाहींत. म्हणून नदीकांठच्या घरांत सुटे घट कोरड्या डबींत घालून दाराशीं ठेवलेले बरे. शेजाऱ्यानेंही एकदां पावसाळ्यापूर्वीं येऊन विचारावें, "रात्रीं वेळ आली तर हांक मारूं, कीं दार वाजवूं?"

"दोन्ही नको, काका. खिडकींतून विजेरीचा झोत तोंडावर टाका, मी उठेन."